वजन सारखं, उतारा वेगळा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वाढलेल्या वस्तीला अंकुशराव टोपे यांच्या नावावरून अंकुशनगर म्हणू लागले. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांग धरतात. भरली गाडी एकदा काट्यावर चढते, ऊस खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा चढते. दोन आकड्यांची वजाबाकी शेतकऱ्याच्या पावतीवर येते. पण ऊसवाल्याला पक्कं ठाऊक असतं की काटा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी उताऱ्यात, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणात असते. २६५ जातीचा ऊस टनेजला भारी, पण लवकर तोडला तर साखर कमी पडते. ८६०३२ काट्यावर थोडा हलका, पण उताऱ्याला चांगला. म्हणून तोडीआधी रसाचा थेंब ब्रिक्समीटरच्या काचेवर घेऊन गोडी मोजतात. दोन गाड्यांचं वजन सारखं भरलं म्हणून आतली साखरही सारखीच, असं या भागातला शाळकरी पोरगासुद्धा म्हणणार नाही.

माणसाच्या शरीराबाबत मात्र आपण काट्यावरच विसंबून राहिलो. ‘अंगानं सडसडीत आहे, त्याला कसली शुगर होते?’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतं. मग एखाद्या दिवशी चाळिशीच्या आतबाहेरच्या, बारीक हातापायांच्या, पोट किंचित सुटलेल्या माणसाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडतो आणि घर हबकून जातं. हा माणूस जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत बसत नव्हता. त्याला तिथे जागा मिळवून देण्यात पुण्यात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. ती हकीकत सांगायची तर सुरुवात चरबीपासून करावी लागते.

आपल्या जुन्या वैद्यांनी प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांच्या विचारात मेदाला मोठं स्थान दिलं होतं. सुश्रुतसंहितेत तर दोन रोगी स्पष्ट वेगळे काढले आहेत: जन्मापासूनच्या प्रमेहाचा कृश रोगी आणि अपथ्याने ओढवलेल्या प्रमेहाचा स्थूल रोगी. आधुनिक वैद्यकाने मात्र चरबीकडे दीर्घकाळ कोठार म्हणूनच पाहिलं. जास्तीचं अन्न साठवायचं, थंडीत ऊब द्यायची, हाडांना गादी करायची, एवढंच तिचं काम. ती काही बोलते, हुकूम सोडते, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

१९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिन सापडलं. १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातलं पोर वाचलं. त्या विजयाने एक समीकरण घट्ट केलं की मधुमेह म्हणजे इन्सुलिनची तूट. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये त्याला पहिला तडा दिला. त्यांनी दाखवलं की काही रोग्यांची साखर इन्सुलिनने झपाट्याने उतरते, तर काहींचं शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. १९४७ मध्ये मार्सेयच्या जाँ व्हाग यांनी आणखी एक निरीक्षण मांडलं. त्यांचं म्हणणं होतं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरची चरबी तितकी बाधत नाही, पोटावरची बाधते. पुढे न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत शोधली. १९६० च्या सुमारास त्यांना आढळलं की मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असतं. किल्ली होती, पण कुलूप फिरत नव्हतं. यालाच आज इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. कुलूप कोण अडवतं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याच्या उत्तराचा एक धागा उंदरांच्या पिंजऱ्यातून निघाला. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. १९४९ मध्ये तिथल्या उंदरांत एक जात अशी निपजली की खाणं थांबवणं तिला माहीतच नव्हतं. पुढे लठ्ठ आणि मधुमेही अशी आणखी एक जात मिळाली. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून पाहिलं. पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा त्याचं खाणं कमी होऊन तो वाळू लागला. दुसऱ्या जातीचा उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा मात्र उलटं घडलं. तो लठ्ठच राहिला आणि त्याच्या जोडीचा निरोगी उंदीर अन्न सोडून मेला. कोलमन यांनी अर्थ लावला की रक्तातून ‘पुरे झालं’ असा निरोप फिरतो. पहिल्या जातीला तो पाठवता येत नाही, दुसरीला ऐकू येत नाही. अनेकांना हे पटलं नव्हतं.

१९९४ च्या डिसेंबरात रॉकफेलर विद्यापीठाच्या जेफ्री फ्रीडमन यांनी त्या निरोपाचा जनुक शोधून काढला. निरोप निघत होता तो चरबीच्या पेशींतून. ‘लेप्टोस’ म्हणजे ग्रीक भाषेत सडपातळ. त्यावरून हार्मोनला लेप्टिन नाव मिळालं. चरबी ही मुकी अडगळ नसून थायरॉइडसारखी हार्मोन सोडणारी ग्रंथी आहे, हे त्या दिवसापासून नाकारता येईना. आधीच्या वर्षी बॉस्टनमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं होतं की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा नावाचं दाह वाढवणारं प्रथिन बाहेर पडतं आणि ते इन्सुलिनच्या कामात मोडता घालतं. १९९५-९६ मध्ये अमेरिका आणि जपान इथल्या संशोधकांना ॲडिपोनेक्टिन सापडलं. ते यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. त्याची रीत मात्र उफराटी आहे. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, ॲडिपोनेक्टिन घटतं. म्हणजे गरज वाढते तेव्हाच कैवारी पाठ फिरवतो.

लेप्टिन टोचून लठ्ठपणा जाईल, अशी मोठी आशा होती, ती फळली नाही. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच उदंड असतं. मेंदूने त्याच्याकडे कानाडोळा केलेला असतो. पण एका विरळ आजाराने डोळे उघडले. लायपोडिस्ट्रॉफी झालेल्यांच्या शरीरात चरबीच जवळजवळ नसते. ही माणसं निरोगी असायला हवीत असं वाटेल. प्रत्यक्षात त्यांना उग्र मधुमेह होतो, यकृतात चरबी दाटते. त्यांना लेप्टिन दिल्यावर साखर आटोक्यात येते, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. गोदाम पुरेसं आणि धड असेल तर पोती त्यात थप्पीला लागतात. गोदामच नसेल, किंवा लहान असून भरून वाहू लागलं, तर पोती उघड्यावर पडतात. शरीरात त्वचेखालचं गोदाम अपुरं पडलं की चरबी यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती जाऊन पडते आणि तिथे दाह सुरू होतो. इन्सुलिनचा हुकूम मग तिथे चालत नाही. म्हणजे चरबी किती आहे एवढाच प्रश्न नाही. ती कुठे आहे आणि काय बोलते आहे, हे विचारावं लागतं.

आता पुण्यात येऊ. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून परतून मधुमेहाचं काम पाहू लागले होते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या पथकाने नव्याने निदान झालेल्या रुग्णांची नीट मोजदाद केली. पाश्चात्त्य पुस्तकांनी रंगवलेला रोगी वयस्क आणि चांगलाच लठ्ठ असे. इथला रोगी त्यापेक्षा दहाएक वर्षांनी तरुण होता आणि अंगानेही बारीक. मात्र त्याची कंबर नितंबांच्या मानाने रुंद होती. व्हागने सांगितलेली पोटावरची चरबी हलक्या वजनाच्या देहात दडून बसली होती.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन युडकिन या शोधात जोडीदार झाले. १९९९ मध्ये दोघांच्या गटाने शहरी आणि ग्रामीण भारतीयांच्या रक्ताची तुलना प्रसिद्ध केली. शहरी रक्तात लेप्टिन आणि दाह वाढवणारी प्रथिनं वाढलेली होती. ग्रामीण रक्तात नव्हती. पुढे पुणे परिसरातले खेडूत, झोपडपट्टीत राहणारे आणि शहरी मध्यमवर्गीय अशा सुमारे साडेचारशे पुरुषांचा अभ्यास झाला. खेड्यातून शहराकडे, कष्टाकडून बैठकीकडे सरकताना चरबी आणि इन्सुलिन वाढत जातात, हा उतरंडीचा क्रम त्यात दिसला. पण मूळ प्रश्न बाकीच होता. इतक्या कमी वजनात इतकी चरबी आली कुठून?

उत्तराची दिशा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून मिळाली. डेव्हिड बार्कर तिथे सांगत होते की प्रौढपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची मुळं आईच्या पोटात रुजतात. याज्ञिकांच्या गटाने केईएममध्ये जन्मलेल्या मुलांना चार वर्षांचं झाल्यावर तपासलं. जन्मतः वजनाने कमी असलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज दिल्यानंतर साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होतं. १९९५ मध्ये हे छापून आलं, तेव्हा पुढचं पाऊल आधीच पडलं होतं. बार्करांच्या सहकारी डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साथीने १९९३ मध्ये पुणे परिसरातल्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला होता.

हे काम तिथेच उभं राहू शकलं, याचं श्रेय डॉ. बानू कोयाजी यांनाही जातं. वढू बुद्रुकला, जिथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे, तिथे त्यांनी केईएमचं ग्रामीण आरोग्याचं काम रुजवलं होतं. दवाखान्याची बाई दारात आली तर गावातली सून तिच्याशी मोकळेपणाने बोलत असे. हा विश्वास नसता तर अभ्यास पहिल्याच महिन्यात अडला असता, कारण त्याची सुरुवातच पाळीच्या तारखेपासून होती. कार्यकर्त्या दर महिन्याला विवाहित स्त्रियांच्या घरी जात, तारीख टिपत. दिवस राहिले की १८ व्या आणि २८ व्या आठवड्याला आईचं खाणं, कष्ट, रक्त यांची नोंद होई. या आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं, उंची १५२ सेंटिमीटर. शेतातली कामं, विहिरीचं पाणी, सरपण, सगळं चालूच असे.

बाळ जन्मलं की पहिल्या तीन दिवसांत त्याचं माप घेतलं जाई. वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंड, पोट यांच्या नोंदी होत. मग बाळाला हळूच कुशीवर घेऊन खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरायची आणि कॅलिपरचे दोन ओठ तिच्यावर टेकवायचे. तबकडीवरचा काटा स्थिरावला की मिलिमीटर वाचायचे. कातडी आणि तिच्याखालची चरबी यांची ती जाडी. साउदॅम्प्टनच्या बाळांची मापंही अशीच घेतली होती.

दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडल्यावर जे दिसलं ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ किलोची. पोटाचा घेर आणि दंड फारच कमी, म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू खुरटलेले. पण खांद्याच्या पात्याखालची चरबी? ती सर्वांत कमी घटलेली होती, वजनाच्या मानाने जवळपास शाबूत. पोटात तुटवडा पडला तेव्हा बाळाने स्नायू आणि अवयवांना कात्री लावून मेंदू आणि चरबी राखली, असं संशोधकांनी मानलं. ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ म्हणून ही बाळं जगभर ओळखली जाऊ लागली. दिसायला किरकोळ, आतून मेदाळ.

त्याआधी २००२ मध्ये नाळेच्या रक्ताची तपासणी छापून आली होती. पुण्याची बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा साडेसहाशे ग्रॅमहून अधिक हलकी होती. तरीही त्यांच्या नाळेतलं लेप्टिन लंडनच्या बाळांच्या तोडीचं निघालं आणि इन्सुलिन त्यांच्याहून जास्त. ज्या बाळाने अजून दुधाचा थेंब घेतलेला नाही, त्याच्या रक्तात चरबीचा निरोप आणि इन्सुलिनचा ताण, दोन्ही हजर होते. मधुमेह हा खादाडाचा, आळशाचा रोग असं म्हणणाऱ्यांनी हा एक आकडा तरी मनाशी धरावा. त्या बाळाने कोणतं अपथ्य केलं होतं?

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि युडकिन यांचं एक पान आलं. त्यातल्या छायाचित्रात दोघे शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता. शरीराची चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. कारणांत दोघांनी राहणीतला फरक सांगितला, युडकिन मॅरेथॉन धावत. आणि याज्ञिक जन्मतःच कमी वजनाचे होते हेही नोंदवलं. काटा सारखा, उतारा वेगळा. आपलं स्वतःचं शरीर पुराव्यादाखल जगासमोर मांडणाऱ्या या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

सहा खेड्यांतली मुलं मोठी होत गेली आणि अभ्यास त्यांच्यासोबत चालत राहिला. २००८ मध्ये सहा वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष आले. सुमारे दोनतृतीयांश आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वाधिक आढळला. बी-१२ दुधातून, अंड्यांतून, मांस-मासळीतून मिळतं. शाकाहारी ताटातून, त्यातही बाईच्या वाट्याला दूध उरत नसेल तर, फारच कमी. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अंगाने ही मुलं बारीकच होती.

२०१५ मध्ये आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा उंदरांवरचा निबंध आला. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं होतं, आणि त्यानंतर दोन पिढ्या पोटभर खाऊ घालूनही ते पूर्ववत झालं नाही.

हे वाचताना माझं मन मराठवाड्यातच फिरत राहतं. १९७२ च्या दुष्काळात या भागातली माणसं खडी फोडायला गेली. तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन त्यांनी दिवस काढले. त्या वर्षी पोटुशी असलेल्या बायांची मुलं आज पन्नाशीत आहेत. १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं, डाव्या कालव्याचं पाणी फिरलं, अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस आला. पायी चालणारा मोटारसायकलवर बसला, ज्वारीच्या भाकरीशेजारी पोळी, भात, साखरेचा चहा आला. ही समृद्धी कष्टाने कमावलेली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण कित्येक पिढ्यांनी तुटवड्यासाठी घडवलेलं शरीर एका पिढीत सुबत्तेपुढे उभं राहिलं, आणि त्याचं चरबीचं गोदाम त्या हिशेबाने बांधलेलं नव्हतं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज दिला. एवढी माणसं काही एकाएकी हावरट झालेली नाहीत.

उपाय काय, तर काट्याच्या जोडीला टेप हवा. बेंबीच्या पातळीच्या आसपास कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर वजन कितीही कमी असो, रक्त तपासून घ्यावं. चालणं आणि अंगमेहनत स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला पुन्हा शिकवतात, हे पक्कं सिद्ध आहे. पण पुण्याच्या त्या सहा खेड्यांनी दिलेला खरा धडा याच्याही आधीचा आहे. जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध होतं, त्यांची चांगली भरली. २०१२ मध्ये याज्ञिकांच्या पथकाने याच खेड्यांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ द्यायला सुरुवात केली. ही मुलं आईबाप होण्याआधीच त्यांच्या पुढच्या पिढीची तयारी व्हावी, हा त्यामागचा विचार.

हंगामात अंकुशनगरला येणाऱ्या उसामागे एक कोयता असतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे अंधारात ती खोपीतून निघते. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. त्या बाईला सहावा-सातवा महिना असू शकतो. उसाचा टनावर हिशेब होतो, तिच्या डोक्यावरून गेलेल्या मोळ्यांचा आणि तिच्या ताटात न आलेल्या दुधाचा होत नाही. तो हिशेब तिच्या बाळाच्या अंगावर उमटतो आणि चाळीस वर्षांनी साखरेच्या रिपोर्टमध्ये वाचता येतो. दिवस राहिलेल्या बाईच्या डोक्यावरची मोळी उतरवणं, फडावर तिला पालेभाजी, दूध, अंडं आणि बी-१२ मिळेल असं पाहणं, ही मुकादमापासून आरोग्य केंद्रापर्यंत सगळ्यांनी मनावर घेतली तर याच हंगामात होण्यासारखी गोष्ट आहे.